वाकड्या अक्षरांची पाटी

"ते कस्टमर म्हणाले, हे स्टिकर आहे," नम्रताने दारावरची पाटी अकबरभाईंच्या पुढ्यात ठेवली. "परत केलीये."

निळा आणि सोनेरी रंग ओतून तिने पाटीवर समुद्र केला होता. त्यावर अकबरभाईंनी पांढऱ्या रंगात 'सुदर्शन' आणि 'रुपाली' लिहिलं होतं. कुठे एक कानाही झुकलेला नव्हता.

"रंग आहे, ताई. नखानं खरवडून बघा म्हणावं."

"मला माहितीये, चाचा. पण दिसतं स्टिकरसारखं. एकदम परफेक्ट. लोकांना हॅन्डमेड हवं असतं ना."

सदाशिव पेठेतले डॉक्टर, वकील, क्लासवाले पंचवीस वर्षं अकबरभाईंच्या अक्षरांखाली बसले होते. मग अक्षरं कापून देणारं मशीन आलं. "तुमचं छानच आहे हो, पण मशीनचं एकसारखं येतं," असं म्हणून त्याच मंडळींनी त्यांची बोळवण केली. आता एकसारखं आलं म्हणून पाटी परत आली होती. या शहराला नक्की काय हवं असतं, ते त्यालाही ठाऊक नसावं.

नम्रता वाईट नव्हती. आयटीतली नोकरी सोडून ती कोथरूडच्या फ्लॅटमध्ये रंग ओतून दारावरच्या पाट्या करायची आणि विकायची. आपल्याला अक्षर जमत नाही हे ती कबूल करायची, हेही थोडं नाही. ओतायच्या रंगात ती तेलाचे थेंब टाकायची. त्याने रंगात डोळ्यांसारखी छान गोल नक्षी उमटायची, पण त्या तेलकटपणावर अक्षराचा रंग फाटायचा. पावडरची पुरचुंडी फिरवून तो तेलकटपणा मारायचा, ही युक्ती अकबरभाईंची. शिरोरेषा मात्र शेवटी, श्वास रोखून, एका दमात.

तिने दुसरी कोरी पाटी पुढे केली. "थोडं वाकडं काढा ना. नाहीतर पुढच्या पाट्या मला कॉलेजातल्या एका मुलीला द्याव्या लागतील."

विश्रांतवाडीला घरी बायकोला, अमिनाबीला, त्यांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, हात अजून चालतोय, गिऱ्हाईक हातालाच विचारतंय. त्यांनी पुरचुंडी फिरवली, ब्रश घेतला आणि 'सु' ठरवून तिरका काढायला गेले. तो सरळ आला. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढला. पुन्हा सरळ.

"हात ऐकत नाही, ताई," ते म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखी त्यांना लाज वाटली. चाळीस वर्षं घासून कमावलेल्या हाताची लाज.

मग त्यांनी ब्रश डाव्या हातात घेतला. अक्षरं पहिलीतल्या पोराची आली. शिरोरेषा तीन ठिकाणी लटपटली.

नम्रताने लगेच मोबाईलवर फोटो काढला. "बघा चाचा, आता कसं माणसानं काढल्यासारखं वाटतंय."

तिने आणखी चार पाट्या आणून ठेवल्या. अकबरभाईंनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला आणि पुढचं नाव लिहायला घेतलं.