वायरचं दुसरं टोक

माझे वडील वसिल, आमचे टातो, यांची गाडी नाताळापासून कण्हत होती. किल्ली फिरवली की इंजिन घुर्र घुर्र करत बसायचं, आणि पाच-सहा वेळा विनवण्या केल्या की एकदाचं सुरू व्हायचं. मी गाड्या दुरुस्त करूनच पोट भरते, तरी मी फोनवरच निकाल देऊन मोकळी झाले.

"टातो, उणे पस्तीस आहे बाहेर. सस्कॅचवानच्या जानेवारीत माणसं वेळेवर उठत नाहीत, गाडीचं काय घेऊन बसलात? इंजिनचा हीटर रात्री लावता ना?"

"लावतो," टातो म्हणाले.

फोनवर निदान करणाऱ्या मेकॅनिकला मी एरवी शिव्या घालते. शेवटी शनिवारी गेले. टातो जाड कोट, टोपी घालून आधीच अंगणात उभे होते, हातात कॉफीचा थर्मास.

"आत नको, पसारा आहे. इथेच बघ," ते म्हणाले.

बॅटरी तपासली, ठणठणीत. तिच्या तारा स्वच्छ, घट्ट. स्टार्टरही चांगला.

"बॅटरी बदल आणि जा, ओरिसिया. अंधार लवकर पडतो."

"चांगली बॅटरी कशाला बदलू? दान करायचीय का कुणाला?"

मग तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काकवीसारखं घट्ट. रात्रभर हीटर चालला असता तर ते पातळ हवं होतं. इंजिनवर हात ठेवला, तर बर्फ. आमच्या कॅनडात इंजिनचा हीटर रात्री घरातल्या विजेवर चालतो; बॉनेटमधून वायर लोंबत असली की इंजिन शेकतंय असं सगळे धरून चालतात. आल्या आल्या मीही तेच केलं होतं. आता वायरला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. वायर बर्फावरून स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली होती. मी तिच्या मागे निघाले.

"थांब," टातो म्हणाले. त्यांचा असा करडा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी थांबले नाही.

घरात शिरले आणि माझ्या तोंडातून वाफ निघाली. दार उघडं राहिलं असेल म्हणून लावून घेतलं. वाफ तशीच. ओट्यावरच्या भांड्यातलं पाणी गोठलेलं. टातोंनी पलंग स्वयंपाकघरात आणला होता आणि दाराला घोंगड्या टांगल्या होत्या. पलंगाशेजारी गाडीच्या वायरचं दुसरं टोक जमिनीवर पडलं होतं, आणि तिच्या जागी प्लगमध्ये खोली गरम करायचा एक छोटा हीटर होता.

"दोन्ही एकदम लावले की विजेचा खटका पडतो," मागून टातो म्हणाले. "रात्री एकच चालतो."

"आणि घर गरम ठेवणारी तळघरातली भट्टी?"

"नाताळाच्या आधीच गेली."

 मी पलंगावर बसले. गादीसुद्धा गार होती.

"मग दिवसा काय करता?"

"कॅफेत बसतो. तिथे ऊब असते. म्हणून तर गाडी सुरू व्हायला हवी."

टातो हल्ली दिवसभर गावच्या कॅफेत पत्ते खेळतात, माणसांत रमतात, म्हणून मी आणि माझा भाऊ तारास खूश होतो. लाज वाटली मला. संतापही आला, नक्की कुणाचा ते कळेना.

"गाडीसाठी मला फोन करता आला. भट्टीसाठी नाही?"

"गाडी बिघडली तर तुम्ही गाडी दुरुस्त करता," ते म्हणाले. "घर बिघडलं तर..."

पुढचं त्यांनी बोलायची गरज नव्हती. ते जिन्यात घसरले होते तेव्हा तारासने त्यांना तोंडावर सांगितलं होतं: आता आणखी एक भानगड झाली की घर विकायचं आणि तुम्ही शहरातल्या वृद्धाश्रमात. मी समोर बसून पेरोगी खात होते. मान मीही डोलावली होती.

तेवढ्यात फोन वाजला. तारासच.

"काय गं, सापडला का दोष?"

टातो माझ्याकडे बघत होते. 

"भट्टी बंद आहे," मी म्हणाले. "ती दुरुस्त होईपर्यंत टातो माझ्याकडे. मग परत इथेच."

"अगं, पण आपलं ठरलं होतं ना?"

"आपलं ठरलं होतं. त्यांना कुणी विचारलं होतं?"

मी फोन ठेवला.  टातो माझ्या शेजारी पलंगावर येऊन बसले.

"थंडीची मला सवय आहे, पोरी," ते म्हणाले. "भीती तुमची वाटत होती."