रडण्यातलं रडण्यात

आमच्या तांड्यावर नवा माणूस हमखास फसतो. मागे विजेचं मीटर बघायला एक जण आला होता. आमच्या अंगणात दोन बायका गळ्यात पडून हंबरडा फोडताहेत हे पाहून बिचाऱ्यानं टोपी काढून हातात धरली. हळूच मला विचारलं, "कोन गेलं जी?" मी म्हटलं, "कोनी नाही गेलं भाऊ. मावशी आली."

आम्ही गोर, म्हणजे तुम्ही ज्यांना बंजारा म्हणता ते. बैलांच्या पाठीवर माल लादून देशभर फिरायचे दिवस होते तेव्हा बहिणीला बहीण वर्षानुवर्षं भेटत नसे. भेटली की गळ्यात पडायचं आणि रडत रडत, सुरात, सगळं सांगायचं. कोण मेलं, कुणाला मूल झालं, कुणी छळलं. आता बैल गेले, दिग्रसच्या बाजूला शेती आली, दाराशी मोटरसायकली आल्या, पण हे रडणं राहिलं. त्याला एक कायदा आहे: रडण्यातलं रडण्यात. मिठी सुटली की डोळे पुसायचे, चहा प्यायचा, आणि ऐकलेलं कुणी कधी उकरायचं नाही.

माझ्या सासूबाई, सुखीबाई, यात पट्टीच्या. त्यांच्या माझ्याबद्दलच्या तक्रारी मी लग्नापासून अशाच ऐकत आले. त्यांची बहीण मानीबाई आली की मी बाजूला चहा ठेवत असे आणि या लांब सूर लावून सांगत, 'सून मिळाली गं बाई, हात चालत नाही, तोंड चालते.' एकदा मीही मुद्दाम मध्येच विचारलं, साखर किती टाकू? मिठी न सोडता, त्याच सुरात उत्तर आलं, 'कमीच टाआआक.'

मानीबाई गेली आणि सासूबाईंच्या गळ्याला गळा उरला नाही. त्यांची लेक रंजिता पुसदकडे दिलेली, पण सासरचे तिला वर्षातून एकदा पाठवतील तर नशीब. तीन वर्षांत सासूबाई मनासारखं रडल्या नव्हत्या. चिडचिड करायच्या, उगीच कोंबड्यांवर ओरडायच्या.

अशात माझ्या मोठ्या दिरांची मुलगी अर्पिता आली. दीर कॅनडात, मुलगी तिथंच वाढलेली. मराठी बऱ्यापैकी येते, गोरबोलीचं अक्षरही नाही. आपली मुळं शोधायला आले म्हणाली. मूळ बघायचं तर झाड उपटावं लागतं, हे तिला कोण सांगणार?

ऑटोतून उतरल्या उतरल्या तिनं फोन ओट्यावरच्या रांजणाला टेकवून उभा केला. आठवण राहील म्हणाली. तेवढ्यात सासूबाई पदर सावरत धावल्या आणि तिच्या गळ्यात पडल्या. "ये मार याडी येएए..." नातीलाच आई म्हणत सूर लागला. पोरगी आधी लाकडासारखी ताठ उभी. मग तिचे खांदे हलायला लागले आणि तीही रडली, बिनशब्दांचं, पण खरं. मलाही भरून आलं.

त्या रडण्यात सासूबाईंनी पोटातलं सगळं ओतलं. समोरच्या पोरीला काही कळत नव्हतं म्हणून जास्तच ओतलं असेल. रंजिताला दोन मुली. सासरच्यांना मुलगा हवा, सासू नवसांवर नवस बोलतेय. आणि सासूबाई गात होत्या, 'मी माझ्या हातानं लेकीची कूस बंद केली गं, यवतमाळला नेऊन तिचं ऑपरेशन केलं, तिच्या घरी कुणाला माहीत नाही, देवाला मी खोटं पाडलं.' मला हे तेव्हाच कळलं. म्हणजे, रिवाजाप्रमाणे मला काहीच कळलं नाही. मी चहा ठेवला.

दोन-तीन दिवसांनी अर्पितानं मला फोन दाखवला. तेच रडणं, खाली मंद पियानो आणि इंग्रजीत पिढ्यांच्या दुःखाबद्दल काहीतरी. लोकांनी लाल बदामांचा पाऊस पाडलेला.

"अगं, हे साऱ्या जगाले दाखवलं काहून?"

"काकू, शब्द कुणाला कळणार आहेत? फक्त आवाज आहे. शुद्ध भावना."

शुद्ध भावना! मी खालच्या प्रतिक्रिया बघत गेले. इंग्रजी, इंग्रजी, रडके चेहरे. आणि मग एक ओळ, इंग्रजी अक्षरांत, पण बोली आमची. लिहिणारी तेलंगणातल्या कुठल्याशा तांड्यावरची बाई होती. 'धीर धर याडी, लेकीचं तू भलंच केलंस.'

कॅनडात कुणाला कळलं नसेल. पण आमच्या बोलीला जिल्ह्याची हद्द नाही, राज्याची नाही. आमची बाई कर्नाटकात जावो की राजस्थानात, तांड्यावर तिला दुभाषा लागत नाही. पोरीनं भिंती नसलेल्या घरात कुजबुज केली होती.

मी तिला अर्थ सांगितला. तिथंच तिनं ते काढून टाकलं. संध्याकाळी माझ्या नवऱ्याच्या फोनवर, तांड्यांच्या ग्रुपवर, पियानोसकट तेच आलं. बूंद से गयी वो हौद से नहीं आती. मला पोरीचा संताप आला, आणि तिच्या रडवेल्या तोंडाकडे पाहून कीवही आली. दोन्ही एकदम आलं की मी भांडी घासते. त्या दिवशी घासलेलीही पुन्हा घासली.

आजीला मीच सांगणार, असं अर्पिता म्हणाली. जाऊन त्यांच्या पायाशी बसली.

"आजी, माझं फार चुकलं. मी काढून टाकलंय ते."

"किती जनाईनं आयकलं?"

"खूप. लाखांत."

सासूबाईंना लाखाचं काही वाटलं नाही. "त्याच्यात रंजिताची सासू हाय का?"

"ते मला कसं कळणार, आजी?"

"मंग मोजून राह्यली कायले?"

त्या रात्री ताट पुढं ठेवलं तसं त्यांनी मागं सरकवलं.

रविवारी दुपारी रंजिता आली. फाट्यावरून पायी, एक पिशवी, दोन मुली. नवरा सोबत नाही. तिच्या गालाकडे बघून कुणी काही विचारायची गरज नव्हती. तांड्यातल्या बायका आपापल्या दारात आल्या. लेक अशी माहेरी आली की काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक. आमच्याकडे हे रडणं ज्या दिवसासाठी राखून ठेवलंय, तो हाच दिवस.

रंजितानं पिशवी टाकली आणि आईच्या गळ्यात पडली. "ये याडी येएए..." पहिला सूर लागला. सासूबाईंचे हात वर झाले, तोंड उघडलं. आणि त्यांची नजर फिरली. समोरच्या ओट्यावर शेजारची बिजलीबाई उभी होती, हातात फोन. ती बिचारी नुसती धरूनच उभी होती, पण फोन होता. त्या पलीकडे आणखी एक. आमच्या दारात अर्पिता होती, दोन्ही हात पाठीमागे घेऊन.

सासूबाईंनी रंजिताच्या तोंडावर हात ठेवला. हळूच, पण घट्ट. सूर तळहातात दबला. रंजिताचे डोळे मोठे झाले, तिला वाटलं आई रागावली. ती हात काढायला बघू लागली, पण त्यांनी काढू दिला नाही. मनात आलं, पुढे होऊन मीच रंजिताच्या गळ्यात पडावं आणि सूर लावावा, होऊ दे काय व्हायचं ते. पण माझे पाय हलले नाहीत.

रंजिता शांत झाल्यावर त्यांनी हात काढला आणि दोन पावलं मागं सरकल्या. आम्ही घरात आपसात गोरबोली सोडून दुसरं काही बोलत नाही. मराठी तलाठ्यासाठी, डॉक्टरसाठी, कंडक्टरसाठी. सासूबाईंनी पदर नीट केला आणि पोटच्या पोरीला मराठीत म्हटलं, "या. बसा. एसटीले गर्दी होती काय?"

रंजितानं दोन्ही मुलींना जवळ ओढलं आणि तीही मराठीतच बोलली.

"नाही जी. जागा भेटली."