दिवसाला सोळा एकर

बोरीच्या दत्तरावांना आपल्या चाळीस एकरांत हरळी कुठे कुठे आहे हे झोपेतही सांगता आलं असतं. विहिरीजवळ एक पट्टा, बांधाकडेला दोन आणि मधोमध खळ्याएवढा एक ठिपका. तिथं बैलांचा नांगर गेला की फाळ वरच्यावर घसरायचा. म्हणून सत्तावन्न सालच्या चैत्रात दुधनाकाठ यंत्र मंडळाचा ट्रॅक्टर पाच दिवसांसाठी बोरीला येणार असं कळलं, तेव्हा पहिली दरख्वास्त दत्तरावांनी दिली. बाकीच्यांनी आधी त्यांचं काय होतं ते बघायचं ठरवलं.

ट्रॅक्टर पस्तीस घोड्यांचा आहे, हे दत्तराव आठ दिवस पारावर सांगत होते. पस्तीस घोडे म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढं हैदराबादच्या रिसाल्याची दौड उभी राहिली. खरं तर दत्तरावांच्याही तीच उभी होती. वालूरचे त्यांचे व्याही किशनराव तर मुद्दाम बैलगाडी जुंपून बघायला आले.

ट्रॅक्टर चालवणारा मुंजाजी पूर्णेचा. रेल्वेच्या इंजिनात दहा वर्षं कोळसा टाकून मग तो या यंत्रावर आला होता. त्यानं आधी शेतात उकिडवं बसून माती उकरली, हरळीच्या पांढऱ्या काशा, म्हणजे जमिनीखालच्या मुळ्या, किती खोल गेल्यात ते बघितलं आणि नांगर वीतभर खाली उतरवून पहिला गिअर टाकला.

आवाज तीन शिवारांत गेला. यंत्र मात्र पुरणपोळीच्या जेवणावरून घरी निघालेल्या माणसासारखं चालू लागलं. लोक सोबत चालत होते, ते पुढं गेले आणि मग थांबून त्याची वाट बघू लागले. शेजारच्या धुरपताबाईची शेरडं नांगराच्या तासाच्या कडेनं चरत चरत ट्रॅक्टरच्या पुढं निघून गेली.

"इवाई," किशनराव म्हणाले, "घोडे पस्तीस हायेत ना? का वाटंत काही उतरले?"

लोक हसले. दत्तरावांनी उपरणं झटकलं आणि ट्रॅक्टर थांबवला.

"डायवर, हे काय चालायलंय? माझे बैल ह्याच्या पुढं जातील."

"जातील, मालक. पन इतक्या खोल न्हाई जानार," मुंजाजी म्हणाला. "ताकद पस्तीसचीच. ती खोलीला लावा, न्हाई तर पळायला लावा. दोन्ही जागी न्हाई पुरत. हरळी मारायची असंल तर काशा खालून उपटून उन्हात पडायला पायजेत."

"खोलीचं कुनाला दिसतंय?" दत्तराव म्हणाले. "लोक इथं उभे हायेत. पळव."

मुंजाजीनं एकदा किशनरावांकडं आणि एकदा मातीकडं बघितलं. इंजिनावर असताना गाडी उशिरा आणल्याबद्दल त्यानं पुष्कळ ऐकून घेतलं होतं; हळू चालल्याबद्दल पुन्हा ऐकायची त्याची तयारी नव्हती. त्यानं नांगर चार बोटांवर उचलला आणि तिसरा गिअर टाकला.

मग मात्र दौड दिसली. मागं धुरळ्याची भिंत उठली, माती पंख्यासारखी उडू लागली आणि लोक कडेला पळाले. एका दिवसात सोळा एकर झाले. मंडळाचे साहेब दिनकरराव संध्याकाळी जीपनं आले आणि आकडा त्यांनी दोनदा विचारला. अडीच दिवसांत चाळीस एकर काळेभोर, एकसारखे, भांग पाडल्यासारखे दिसू लागले. किशनरावांनी गाडी जुंपली आणि वालूरची वाट धरली. दत्तरावांना त्या वर्षात एवढं सुख दुसऱ्या कशानं झालं नव्हतं.

ट्रॅक्टरचे अडीच दिवस उरले; बाकीचे लोक आता दत्तरावांचं पीक कसं येतं ते बघणार होते. धुरपताबाईचे पाच एकर बांधाला लागूनच होते. नवरा गेल्यापासून ती शेरडं राखायची, मजुरीला जायची. त्या रानात हरळी इतकी माजली होती की कुणी बटाईनंही घेत नव्हतं. ती मुंजाजीकडं आली.

"दादा, माझं बी नांगरतूस का? पन सावकाश चालव. शेरडं गाभन हायेत, ह्या आवाजानं दडपतेत."

"मावशी, लय सावकाश चालंल. लोक हसतील."

"हसू दे की. हाय कोन बगायला?"

खरंच कुणी नव्हतं. मुंजाजीनं नांगराचा एक फाळ काढून ठेवला, उरलेले दोन वीत आणि चार बोटं खाली घातले आणि पहिल्या गिअरात निघाला. घागरीएवढी ढेकळं उलथू लागली, त्यांतून काशांच्या जटा लोंबू लागल्या. शेरडं दोन तासांत धिटावली आणि मागून मागून पाला ओढत चालू लागली. पाच एकराला दीड दिवस लागला. रान असं दिसत होतं, जणू कुणी भांडण करून घर मोडून टाकलंय.

दत्तराव बांधावर येऊन बघून गेले. "बिचारीचं नशीब," ते घरी म्हणाले. "तिच्या वाटंला येईस्तोवर यंत्र थकलं."

आषाढ संपता संपता दत्तरावांच्या रानात हरळी उगवली. आधी चार जागी होती, आता चाळीस एकरांत कुठं नाही ते शोधावं लागत होतं. वरवरच्या फाळानं काशांचे बोट बोटभर तुकडे केले होते, वेगानं ते सगळीकडं फेकले होते आणि प्रत्येक तुकडा रुजला होता. एखाद्यानं पाभरीनं पेरली असती तरी इतकी एकसारखी उगवली नसती. धुरपताबाईच्या ढेकळांतल्या काशा वैशाखाच्या उन्हात सुतळीसारख्या वाळून गेल्या होत्या. तिथली ज्वारी माणसाच्या कमरेला लागली.

नेमक्या त्याच आठवड्यात मंडळानं जिंतूरला सभा घेतली आणि दिवसाला सोळा एकरांच्या विक्रमाबद्दल दत्तरावांना फेटा बांधला. त्यांनी व्यासपीठावरून यंत्रयुगावर तकरीरही केली. ती चांगली झाली. तकरीर करत होते त्या वेळी त्यांच्या रानात पंधरा बाया कुदळींनी हरळी खणत होत्या आणि त्यांत धुरपताबाई होती.

परत आल्यावर दत्तराव फेटा काढून रानात गेले.

"धुरपता, तू रानात काय टाकलंस?"

"काय टाकनार, मालक? सावकाश चालव म्हनलं, बस्स."

दत्तराव बांधापर्यंत जाऊन तिची ज्वारी बघून आले. मग खाली बसले आणि बायांच्या ओळीत एक काशी ओढू लागले. ती अर्धीच तुटून हातात आली.

पुढच्या चैत्रात ट्रॅक्टर पुन्हा आला. दत्तरावांनी मुंजाजीला बाजूला घेतलं.

"ह्या वक्ताला पहिल्या गेरात. वीतभर खोल. कुनी काही म्हनलं तरी आयकू नको."

मुंजाजीनं खिशातला कागद काढला. "न्हाई जमनार, मालक. दिनकररावसायबांनी हुकूम काढलाय. दिवसाला सोळा एकर झालेच पायजेत, न्हाई तर मला घरी बसवतेत. आकडा तुमच्याच रानातला हाय."

"अरे, मी सांगतो सायबाला."

"मी सांगून बगितलं. ते म्हनले, दत्तरावांच्या रानात होतंय तर दुसरीकडं कामून न्हाई होत?"

वालूरनंही त्या वर्षी ट्रॅक्टर मागवला होता. दत्तराव गाडी जुंपून व्याह्यांकडं गेले, झालं ते सगळं प्रामाणिकपणे सांगितलं आणि सावकाश चालवू द्या म्हणून हात जोडले. किशनरावांनी चहा पाजला, ऐकून घेतलं आणि गालात हसले.

"तुमचे सोळा मोडू नयेत म्हनून सांगायलाव व्हय, इवाई?"

वालूरला एकोणीस झाले.

दत्तरावांनी ट्रॅक्टर नाकारला आणि घरचे चार आणि भावकीचे चार असे आठ बैल लोखंडी नांगराला जुंपले. ऊन वर यायच्या आत अर्धा एकर व्हायचा, कधी त्याहून कमी. रस्त्यानं जाणारे थांबून विचारायचे, विक्रमवाले दत्तराव तुमीच का? ते हो म्हणायचे आणि वाकून तासात वीत घालून खोली बघायचे.