दोनशे बारा गाठी

माझ्या दुकानात दुरुस्तीला वस्तू आली की मी वहीत दोन रकाने आखतो. पहिल्यात वस्तूची मोडतोड, दुसऱ्यात गिऱ्हाइकाची. पहिला रकाना सगळ्यांना वाचून दाखवतो, दुसरा कोणालाच नाही. घड्याळ का बंद पडलं हे घड्याळापेक्षा मालकाकडे बघून लवकर कळतं, हे मला तीस वर्षांत पटलेलं आहे.

ती युद्धनौका आली तेव्हा पहिल्या रकान्याला पानं पुरेनात. चार फूट लांब, लाकडी सांगाडा, वर बिस्किटांच्या डब्यांचा पत्रा. तोफांच्या नळ्या म्हणजे बॉलपेनच्या संपलेल्या पितळी कांड्या. डेकच्या कडेने कठडा: टाचण्या उभ्या रोवलेल्या आणि त्यांना ओळीने दोरा गुंडाळलेला. कपाटावर ठेवली होती, वरची पाण्याची नळी गळली आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत महिना गेला. डोलकाठी मोडलेली, टाचण्या गंजलेल्या, सरस झुरळांनी खाल्लेला.

दुसऱ्या रकान्यात मी लिहिलं : बुटांना पॉलिश, बोटीवर धूळ.

गिऱ्हाईक म्हणजे कप्तानांचा मुलगा. कप्तान हे गल्लीने दिलेलं नाव. म्हातारा आयुष्यभर जहाजाच्या इंजिनखोलीत फिटर होता, समुद्र त्याने जेमतेम जेवणाच्या सुट्टीत पाहिला असेल. पण गल्ली कप्तान म्हणायची आणि त्यानेही ती चूक कधी दुरुस्त केली नाही. दोन वर्षांपूर्वी वारला. मुलगा मोठ्या कचेरीत साहेब, बोलतानाही समोर फाईल असल्यासारखा बोलायचा.

"बाबांनी चौदा वर्षं घालवली हिच्यावर, मिस्त्री. माजी खलाशांच्या सभागृहात ठेवणार आहेत. काचेची पेटी, पितळी पाटी, सगळं. चार आठवडे आहेत."

"चार आठवड्यांत उभी करून देतो. पण जुनं जितकं वाचेल तितकं वाचवू. माझी पद्धत तशी आहे."

"वाचवा की. दोरे मात्र सगळे नवे घाला हं. कुजलेत."

मी भिंग लावून कठडा पाहत होतो. दोरे कुजले होते हे खरं, पण सगळे नाही. आणि गुंडाळणी उलटी होती. उजव्या हाताचा माणूस दोरा एका दिशेने फिरवतो. इथे एकूण एक टाचणीवर तो दुसऱ्या दिशेने गेलेला, गाठही दुसऱ्या बाजूने आवळलेली. पण सफाई अशी, की दोन गाठींत केसाचा फरक नाही.

"कप्तान डावखुरे होते का हो?"

साहेब क्षणभर थांबला. "छे. का?"

"गाठी उलट्या आहेत."

"मग चुकल्या असतील. तुम्ही बरोबर बांधा."

वहीत पहिल्या रकान्यात लिहिलं : कठड्याच्या गाठी दोनशे बारा, सर्व उलट्या, कारागीर डावखुरा असावा. दुसऱ्यात : प्रश्नाला अडखळला. आणि वही मिटली. माणसांची खोट हेरायची हौस मला फार. ती हेरून पुढे काही करायची हौस मात्र कधीच नव्हती.

काम मन लावून केलं, हे मला सांगायलाच हवं. पत्र्याचा गंज ब्लेडने खरवडला, जुन्या रंगाखाली मूळ राखाडी सापडला तो मिसळून जुळवला. डोलकाठी आतून खिळा घालून जोडली. टाचण्या बदलल्या आणि दोनशे बारा गाठी चिमट्याने एकेक करून नव्या घातल्या, उजव्या हाताच्या, पुस्तकात दाखवतात तशा. काढलेले भाग मी नेहमी एका डब्यात जपतो आणि वस्तूबरोबर परत देतो. ह्या वेळी साहेब तिसऱ्या आठवड्यातच आला आणि दोऱ्यांचा डबा मागून घेऊन गेला.

"आठवण म्हणून," म्हणाला.

मला बरंही वाटलं. म्हटलं, बुटांच्या आत कुठेतरी माणूस आहे.

उद्घाटनाला पाच दिवस उरले असताना त्याची थोरली बहीण आली. पन्नाशी उलटलेली, हातात साबणाची डबी. डबीत कापसावर एक होडी, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी, आत बसायच्या फळ्यांसकट.

"ही मागच्या बाजूची. नळी गळली तेव्हा खाली पडली होती, मी उचलून ठेवली. बसेल ना?"

"बसेल की, ताई. पावती देतो, सही करा."

तिने पेन घेतलं. डाव्या हातात.

मी त्या हाताकडे बघत राहिलो आणि ती बोटीकडे. मग ती वाकली, भिंगाशिवायच कठड्यावरून नजर फिरवली आणि सरळ उभी राहिली.

"गाठी कोणी बदलल्या?"

"मीच. साहेबांनी सांगितलं होतं."

"सगळ्या?"

"सगळ्या."

ती स्टुलावर बसली. आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

"बाबांचे हात दुसऱ्या वर्षीच थरथरायला लागले, मिस्त्री. इंजिनखोलीची देणगी. सांगाडा त्यांचा. पुढे ते खुर्चीत बसून सांगायचे आणि मी करायचे. बारा वर्षं. धाकटा वसतिगृहात, मग नोकरीला. घरात आम्ही दोघंच. बाबांचे मित्र यायचे तेव्हा मी चहा घेऊन बाहेर यायचे, आणि ते म्हणायचे, वा कप्तान, काय हात आहे तुमचा! बाबा माझ्याकडे बघायचे आणि मी कपाकडे."

"सांगितलं का नाही कधी?"

"मित्र हसतील म्हणायचे. इतकं काय त्यात, मी म्हणायचे. तेव्हा खरंच काही वाटत नव्हतं. मला स्थळं आली तेव्हाही म्हणाले, एवढी डोलकाठी होऊ दे. डोलकाठी झाली, मग तोफा होत्या." ती किंचित हसली. "तोफा संपेपर्यंत स्थळं संपली."

मी नौकेच्या बुडाचा रंग वाळला का ते उगाच बोट लावून पाहिलं.

"आता पाटी लावतायत म्हटल्यावर धाकट्याला म्हटलं, बाबांच्या नावाखाली माझं नाव घाल. एवढंच. तर म्हणतो, ताई, पुरावा काय? लोक म्हणतील बाप मेल्यावर मुलगी हक्क सांगते. मी म्हटलं, गाठी बघ ना. जुने खलाशी आहेत तिथे सगळे, गाठ बघून हात ओळखतात. बाबा उजवे होते हे सगळ्यांना माहीत आहे. हे मी त्याला बोट इथे आणायच्या आदल्या दिवशी सांगितलं."

म्हणजे पुरावाच पुसायचा होता साहेबाला, आणि तो पुसला मी. तेही त्याने उघड सांगून करवून घेतलं. दुकानात येऊन, माझ्याच गल्ल्यावर कोपर टेकून.

"दोऱ्यांचा डबा?" तिने विचारलं.

"साहेब घेऊन गेले. आठवण म्हणून."

"आठवण," ती म्हणाली. "त्याला!"

मग मी वही काढली. का काढली, आजही सांगता येत नाही. बहुधा आपण किती बारीक बघतो हे दाखवायला. पहिला रकाना तिच्यापुढे धरला, दुसऱ्यावर तळहात ठेवला. तिने ती ओळ दोनदा वाचली. कारागीर डावखुरा असावा. बारा वर्षांत तिच्या कामाबद्दल तिच्यासमोर आलेलं ते पहिलंच वाक्य असावं. चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर बघितलं.

"रविवारी ही वही घेऊन याल? अध्यक्षांना नुसती दाखवा. बाकी मी बोलेन."

"बघतो," मी म्हणालो.

बघतो ह्या शब्दावर माझं अर्धं आयुष्य निघालं आहे.

शुक्रवारी साहेब आला, बोट बघून खूश झाला. जाता जाता म्हणाला, "सभागृहात अशाच आणखी अकरा नौका आहेत, मिस्त्री. सगळ्या मोडक्या. मी तुमचं नाव सुचवलंय. आणि हो, पाटीवर तुमचंही नाव टाकलंय, खाली. कारागिराचा मान राहिला पाहिजे."

माझं नाव आजवर माझ्या दुकानाच्या पाटीवरही धड नव्हतं. रंगाऱ्याने एक अक्षर खाल्लं होतं.

रविवारी मी वही घेऊन गेलो. हे नोंदवून ठेवतो : घेऊन गेलो, काखेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. सभागृह भरलं होतं. अध्यक्ष ऐंशीच्या घरातले, पाठ अजून काठीसारखी. काचेच्या पेटीभोवती म्हातारे खलाशी लहान मुलांसारखे वाकले होते. पाटीवर कडक कापड होतं.

ताई पुढे झाली आणि एका दमात सगळं बोलली, माझ्या दुकानात बोलली तेवढंच, त्यात एक शब्द वाढवला नाही. कुजबुज झाली. साहेब खाली बघत होता, दुःखी चेहरा घरून बसवून आल्यासारखा.

"ताई बाबांच्या फार जवळ होती," तो हळूच म्हणाला. "तिला अजून सावरता आलेलं नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "हे मिस्त्री आहेत ना. ह्यांनी एकेक दोरा हाताळलाय. ह्यांनाच विचारा."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "बोला मिस्त्री. जुन्या गाठी कशा होत्या?"

वही काखेत होती. वर्तमानपत्राला घाम सुटला होता, म्हणजे मला. ताई माझ्या काखेकडे बघत होती. भिंतीलगत अकरा नौका ओळीने उभ्या होत्या, डोलकाठ्या मोडलेल्या.

"कुजलेल्या होत्या," मी म्हणालो.

ह्यात खोटं काही नाही. मी घरी जाऊन वहीत पडताळून पाहिलं, तीही नोंद आहे.

"तसं नव्हे. बांधल्या कशा होत्या?"

"आता सांगणं कठीण आहे, अध्यक्षसाहेब."

अध्यक्षांनी मान हलवली. ताईने काहीच केलं नाही. ना रडली, ना माझं पितळ उघडं केलं. ती वहीची गोष्ट तिथे बोलली असती तर कोणीतरी माझ्या काखेतून ती ओढून घेतलीच असती. पण बारा वर्षं कपाकडे बघत राहिलेली बाई ती; तिने माझ्याकडेही तसंच बघितलं आणि मागच्या रांगेत जाऊन बसली. कापड ओढलं, टाळ्या पडल्या. पाटीवर कप्तानांचं नाव मोठं, खाली पुनर्बांधणी म्हणून माझं. एक अक्षरही कमी नव्हतं.

दोन महिन्यांनी दुसरी नौका पोचवायला सभागृहात गेलो. रखवालदार किल्ल्या वाजवत पुढे आला.

"मिस्त्री, तुमच्या त्या बोटीची मागची होडी लोंबतेय बघा."

खरंच लोंबत होती. साबणाच्या डबीतली. पाच दिवसांच्या घाईत मी तिची गाठ नीट आवळली नव्हती. कठड्याची नव्हे, ही दोनशे तेरावी.

"त्या ताईंनी दाखवलं," रखवालदार म्हणाला. "दर आठवड्याला येतात, उभ्या राहतात, जातात. मागच्या वेळी म्हणाल्या, पेटी उघडा, मी एका मिनिटात बांधते. चिमटाही आणला होता पर्समधून. मी म्हटलं, बाई, नियम आहे. काच फक्त कारागिरासाठी उघडते."

"मग?"

"मग काय, गेल्या."

त्याने कुलूप काढलं. मी हात आत घालून होडी जागेवर धरली आणि गाठ बांधली. घट्ट बसली. उजव्या हाताची.