डिशसमोरची खुर्ची

रेनेलने टीव्हीची डिश आणखी बोटभर डावीकडे फिरवली आणि मान वळवून ओरडली, "आलं का?"

"नाही!" ओकच्या झाडाखालून हॉलिस पेटवेचा आवाज आला.

"आता?"

"निळं झालंय!"

"निळं म्हणजे नाहीच. आता?"

"आलं! एक बाई दात घासतेय! अरेरे, गेली!"

त्या बाईला परत आणण्यासाठी रेनेलने डिशचा पाय उचलला, खाली चपटा दगड सारला, एक डोळा मिटून आकाशाकडे पाहिलं. आकाश दिसलंच नाही. वर नुसता ओक होता. बाकीची झाडं नोव्हेंबरात अंग झाडून मोकळी होतात, पण ही जात हट्टी. एक पान खाली सोडायला तयार नाही.

रेनेल सिब्ली शनिवारी टीव्ही भाड्याने द्यायची. स्टेडियमबाहेरच्या मोठ्या गवताळ पटांगणात लोक पहाटेपासून तंबू ठोकत, धूर करत, बरगड्या भाजत आणि दुपारी अमेरिकन फुटबॉलची मॅच सुरू झाली की तिकीटवाले आत जात. उरलेले बाहेर बसून तीच मॅच रेनेलच्या टीव्हीवर बघत. मॅच भिंतीपलीकडे चाललेली असे, पण त्यांच्यापर्यंत पोचायच्या आधी तिला वर उपग्रहापर्यंत जाऊन यावं लागे. त्यामुळे आतली आरोळी आधी ऐकू येई आणि चित्र मागाहून. आधी गडगडाट, मग वीज. पटांगणातल्या लोकांना याचं काही वाटत नसे. कुणी अजून दोन घास चावायला वेळ मिळतो म्हणत, कुणी कानात बोटं घालून बसत.

हॉलिसने आजवर टीव्ही कधी घेतला नव्हता. त्याची जागा आत होती, वरच्या रांगेत, दुर्बिणीसकट. पण वसंतात त्याचं हृदय उघडून शिवलं होतं आणि डॉक्टरांनी स्टेडियमचा चढ बंद केला होता. इतर मॅचेस त्याने रेडिओवर भागवल्या. आजची भागण्यासारखी नव्हती. नातू टेव्हिनचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि ही शेवटची मॅच.

"तंबू थोडा उन्हात घेतला तर?" रेनेलने विचारलं.

हॉलिसने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला आडनाव बदलायला सांगितलं होतं.

"ही जागा माझ्या बापाने धरली, पोरी."

"दोन तासांचा प्रश्न आहे, मिस्टर हॉलिस."

"दोन तासांत माणसं चर्च बांधतात इथे. मी उठलो की दुसरा बसलाच म्हणून समज."

"तो मेल्यावरसुद्धा इथेच राहणार आहे," त्याची बायको ओडेसा पुडिंगवर केळ्याच्या चकत्या मांडत म्हणाली. "मी महापालिकेला विचारून ठेवलंय. नाही म्हणतात."

ओकच्या सावलीला लागूनच एक उघडा चौकोन होता. तिथे आकाश भरपूर होतं आणि ऊनही. रिवाजाप्रमाणे असल्या जागा पाहुण्यांना दिल्या जात. पाहुणे म्हणजे शत्रू. आज तिथे एक घडीची खुर्ची, एक रेडिओ आणि डब कॅसलबेरी होता.

घरचा संघ कॅटफिश. डबचा संघ खेचरं. खेचरांचा पाठीराखा आपल्या संघाचं काही भलं झालं की उभा राहतो, टोपी काढतो आणि खेचरासारखा रेकतो. शिकलेली, नोकरीला असलेली माणसं हे करतात. डब तर शाळेचा मुख्याध्यापक होता. गेली अकरा वर्षं खेचरं कॅटफिशशी हरत होती, म्हणून त्याच्या रेकण्यात एक साठलेपण आलं होतं.

"मिस्टर कॅसलबेरी, तुमच्या खुर्चीमागे माझी डिश ठेवली तर चालेल?"

"कशाला?"

"मिस्टर हॉलिसना मॅच बघायचीय."

"त्याला सांग, आम्ही जिंकणार आहोत. उगाच बघून छातीला त्रास नको."

"अकरा वर्षं हेच सांगतोय!" हॉलिस सावलीतून ओरडला.

"तू गप रे म्हाताऱ्या! त्या झाडालासुद्धा तुझा कंटाळा आलाय, म्हणून टीव्ही लागू देत नाही." मग डबने रेनेलकडे वळून आवाज उतरवला. "ठेव ठेव. मिस ओडेसाचं पुडिंग इतकी वर्षं खातोय, डिशला नाही कुठल्या तोंडाने म्हणू? फक्त माझी खुर्ची हलवायची नाही. सकाळी मांडली ती मांडली. हलवली की आम्ही हरतो."

"हलवली नाही तेव्हाही हरलाच की तुम्ही."

"ते दुसऱ्या कारणांनी."

डिश खुर्चीमागे बसली, वायर सावलीत गेली आणि ओकखालून आरोळी आली, "आली! तीच बाई! घासून झाले तिचे!"

मॅच सुरू झाल्यावर रेनेल इतर तंबूंकडे जायला निघाली, पण ओडेसाने तिच्या हातात बरगड्यांची बशी दिली आणि बशी रिकामी झाल्याशिवाय जाऊ द्यायची नाही असा त्या घराचा नियम होता. म्हणून पुढचं तिने पाहिलं.

टेव्हिनचं काम असं. कॅटफिश अडले, पुढे सरकता येईना, की चेंडू लाथ मारून लांब घालवावा लागतो. त्या वेळी एक खेळाडू वाकतो आणि दोन पायांमधून चेंडू मागे, लाथ मारणाऱ्याकडे फेकतो. तोच टेव्हिन. फेकला की त्याचं काम संपलं. बरोबर फेकला तर त्याचं नाव कुणी घेत नाही. त्याचं नाव चार वर्षांत कुणीच घेतलं नव्हतं, आणि हॉलिस हे अभिमानाने सांगायचा.

खेचरांनी कॅटफिशना अडवलं. रेडिओवर ते आधी कळलं. डब उठला, टोपी छातीशी धरली आणि आकाशाकडे तोंड करून रेकला. त्याचं रेकणं घाईचं नसे. पाठीमागे डिशचं सगळं आकाश त्याच्या पाठीने भरून गेलं.

"गेलं!" हॉलिस ओरडला.

पडद्यावर हिरवे-तपकिरी चौकोन थरथरत राहिले. डब बसला तेव्हा चित्र परत आलं. चेंडू केव्हाच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता.

थोड्या वेळाने पुन्हा तसंच झालं. मग तिसऱ्यांदा. दर खेपेला खेचरं अडवत, अडवलं की डब उभा राही, आणि नेमका तेव्हाच टेव्हिन मैदानात येई.  रिमोट मांडीवर ठेवून हॉलिसने चष्मा शर्टाने पुसला. चष्मा स्वच्छच होता.

रेनेल बशी ठेवून उन्हात आली.

"मिस्टर कॅसलबेरी, जरा बसून रेकता येईल का?"

डबने विचार केला. "नाही. पोटातून येतं ते. बसून केलं तर गाढव वाटतं."

"मग खुर्ची थोडी—"

"पोरी, हवा तर माझा ट्रक माग."

"तुम्ही उठलात की डिश झाकली जाते. आणि तेव्हाच त्यांचा नातू येतो."

"कोणता नातू?"

"वाकून चेंडू मागे फेकतो तो."

"तो?" डब चक्रावला. "अगं, पण त्याचं तर टीव्हीवर नुसतं ढुंगण दिसतं."

"तेवढंच बघायचंय त्यांना," रेनेल म्हणाली. "शेवटची मॅच आहे त्याची."

डबने मान मागे वळवली. सावलीत हॉलिस पडद्याच्या इतका जवळ सरकून बसला होता, की त्याच्या टक्कलावर मैदानाचा हिरवा उजेड पडला होता. ओडेसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आधारासाठी की मागे खेचायला, ते कळत नव्हतं.

"मागे एकदा इथे मी भाजायला ठेवलेलं अख्खं डुक्कर जळालं होतं," डब म्हणाला. "पहिल्याच वर्षी. सगळं पटांगण हसलं. हा म्हातारा पण हसला. हसत हसत ताट वाढून घेऊन आला." त्याने टोपी डोक्यावर घट्ट दाबली. "तुझ्या ट्रकमध्ये दोरी आहे का?"

"टीव्ही बांधायचे रबरी पट्टे आहेत. आकडेवाले."

"आण. माझा माझ्यावर भरवसा नाही."

रेनेलने आजवर पुष्कळ टीव्ही बांधले होते, मुख्याध्यापक पहिलाच. पद्धत तीच होती. एक पट्टा छातीवरून, एक मांड्यांवरून, आकडे खुर्चीच्या पायांत. तिने सवयीने हलवूनही बघितलं.

"टोचत नाही ना?"

"मला वळणावर सांभाळून ने, बस्स," डब म्हणाला.

यानंतर खेचरांनी गुण मिळवले तेव्हा डब बसल्या जागी रेकला. खरंच गाढव वाटलं. पलीकडच्या तंबूतली माणसं बाहेर येऊन बघून गेली. पण ओकखाली चित्र टिकलं, आणि पुढल्या खेपेला टेव्हिन आला तेव्हा दिसला. एका कोपऱ्यात, पाठमोरा, शेंगदाण्याएवढा.

"बघ, बघ, तो!" हॉलिस म्हणाला.

"कुठला?" ओडेसाने विचारलं.

"तो वाकलेला."

"सगळेच वाकलेत."

ऊन कललं. मॅच संपायला काही क्षण उरले, तेव्हा कॅटफिश एका गुणाने मागे होते. आता एकच उपाय होता. चेंडू लाथ मारून खांबांमधून घालवायचा. म्हणजे टेव्हिन वाकणार, फेकणार, दुसरा झेलून जमिनीवर उभा धरणार, तिसरा लाथ मारणार. आत गेला तर कॅटफिश, नाही तर खेचरं.

ओडेसाने हात लांब करून हॉलिसच्या दोन्ही कानांतली ऐकण्याची यंत्रं काढली आणि एप्रनच्या खिशात टाकली. आतली आरोळी आधी येते, तिने निकाल फुटायला नको होता. हॉलिसने लहान मुलासारखी मान पुढे केली होती. हे त्यांचं आधीच ठरलेलं असावं.

स्टेडियम गप्प झालं. एवढी माणसं एकदम गप्प झाली, की शेगड्यांमधल्या निखाऱ्यांचा आवाज ऐकू येऊ लागला. रेनेल डबच्या खुर्चीशी उभी होती. रेडिओवरचा माणूस कुजबुजत होता. मग तो एकदम ओरडला. चेंडू खांबाला लागला. बाहेर पडला. खेचरं जिंकली.

भिंतीपलीकडून एक मोठा सुस्कारा आला. गाव खाली बसल्यासारखा.

डबचे दोन्ही पाय जमिनीवरून उचलले गेले. छातीवरचा पट्टा ताणला, खुर्ची पुढच्या दोन पायांवर आली, रेनेलने मागून ती धरली. अकरा वर्षांचं रेकणं त्याच्या गळ्यापर्यंत आलं. ते वर येताना तिला दिसलं. डबने टोपी काढली, चुरगळली आणि तोंडात कोंबली. त्याचा चेहरा बिटासारखा लाल झाला. डोळे मिटून तो बसून राहिला, पाय हवेतच.

ओकखाली अजून काहीच घडलं नव्हतं. ओकखाली टेव्हिन नुकताच मैदानात येत होता.

आणि आज प्रथमच कॅमेरा लाथ मारणाऱ्याच्या मागे, खाली, गवताशी लावलेला होता. टेव्हिन वाकला. दोन पायांच्या मधून त्याने मागे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडदाभर आला. उलटा. हनुवटी वर, कपाळ खाली, जीभ ओठांच्या कोपऱ्यात.

हॉलिसने आपली मान हळूच तिरकी केली, आणखी तिरकी केली, इतकी की ओडेसाला त्याला धरावं लागलं.

चेंडू निघाला. फिरत, सरळ रेषेत आला आणि पुढच्याच्या पसरलेल्या बोटांत जाऊन बसला.

"बघितलंस?" हॉलिस म्हणाला. "बघितलंस, ओडेसा?" आणि त्याने तोंड तिच्या एप्रनमध्ये लपवलं. लाथ, खांब, बाकीचं सगळं पडद्यावर त्याच्या पाठीमागे होऊन गेलं.

बऱ्याच वेळाने तो उठला आणि सावलीतून उन्हात आला, एकेक पाऊल टाकत, हात पुढे करून. त्याला येताना पाहून डबने तोंडातली टोपी काढली आणि मांडीवर सरळ केली.

"सोड मला," तो रेनेलला म्हणाला. "माणूस उभा आहे समोर."

रेनेलने आकडे काढले. डब उभा राहिला. हॉलिसने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि यंत्राशिवाय माणसं बोलतात तसं, सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय झालं रे शेवटी?"

डबने एकदा स्टेडियमकडे पाहिलं. मग तो वाकला, हॉलिसच्या रिकाम्या कानापाशी तोंड नेलं आणि मोठ्याने, सावकाश, शाळेत निकाल वाचून दाखवावा तसा म्हणाला, "सरळ हातात पडला."

"पडला ना?"

"इकडे नाही, तिकडे नाही. सरळ हातात."

हॉलिस मान हलवत राहिला, हात न सोडता. त्यांच्या मागे टीव्हीवर खेचरांनी करंडक डोक्यावर उचलला होता आणि त्याचे चौकोन चौकोन होत चालले होते.

"गेलं!" ओकखालून ओडेसा ओरडली. "रेनेल, गेलं बघ!"

रेनेलने डिशकडे पाहिलं. डिशसमोर दोन म्हातारे उभे होते. तिने हातातला पट्टा नीट गुंडाळला आणि उरलेलं पुडिंग कुठे आहे ते बघायला ती सावलीत गेली.