लाल गोंड्याची चप्पल

मित्रांनो, मी चामडं शिवायची एक जुनी मशीन आहे. माझं अंग काळ्या लोखंडाचं आहे आणि उजव्या बाजूला हाताने फिरवायचं चाक आहे. कपडे शिवणाऱ्या माझ्या बहिणी तुम्ही घरोघरी पाहिल्या असतील. त्यांच्याइतकी मी देखणी नाही. पण माझी सुई जाड आहे आणि ती टायरच्या रबरातूनही आरपार जाते. मी शिवलेल्या एका चपलेची गोष्ट आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी नॉर्वे नावाच्या थंड देशात, समुद्रकाठच्या एका गावात गेले. जोडे बनवणाऱ्या एका कारागिराने मला विकत घेतलं होतं. त्याच्यानंतर त्याचा मुलगा हाल्वोर माझं चाक फिरवू लागला. कोळ्यांचे गुडघ्यापर्यंतचे बूट आणि शाळेतल्या मुलांचे जोडे आम्ही तीस-पस्तीस वर्षं शिवले. हाल्वोरसाहेबांच्या पत्नी सिग्रिडबाई गावच्या इस्पितळात नर्स होत्या. त्यांची मुलं मोठी होऊन मार्गी लागली. आता या दोघांनी घरात ऊब घेत निवांत बसावं, असं सगळ्यांना वाटत होतं. पण एका रविवारी त्यांच्या चर्चमध्ये एक पत्र वाचून दाखवण्यात आलं. हिंदुस्थानातल्या नाशिक शहरात कुष्ठरोग्यांचा एक दवाखाना आहे, तिथे औषध द्यायला डॉक्टर आहेत, पण रोग्यांच्या पायांसाठी जोडे करणारं आणि ते काम शिकवणारं कोणी नाही, असं त्यात लिहिलं होतं. घरी आल्यावर साहेबांनी मला तेल दिलं आणि माझ्या मापाची लाकडी पेटी करायला घेतली.

१९७४ च्या नोव्हेंबरात आम्ही नाशिकला पोहोचलो. साहेब अठ्ठावन्न वर्षांचे होते, बाई छप्पन्नच्या. शरणपूर रस्त्याच्या बाजूला एका कौलारू घराच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या आणि मला मिळाली पडवी. सकाळी दोघं खिडकीशी बसून बायबलमधला एक उतारा वाचत, प्रार्थना करत आणि मग नाचणीची खीर खात. साहेब पडवीत माझ्यापाशी बसत. बाई सायकलवरून दवाखान्यात जात आणि रोग्यांच्या जखमा धुऊन बांधत. दुपारी शेजारच्या विमलाबाई त्यांना मराठी शिकवायला येत. त्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. साहेबांना 'ळ' कधीच जमला नाही. हाल्वोर हे नाव दवाखान्यातल्या लोकांना जमेना, म्हणून साहेबांचं 'हलवाईसाहेब' झालं आणि सिग्रिडबाईंचं 'सगुणाबाई'. साहेबांना आपल्या नव्या नावाचा अर्थ कळला तेव्हा ते खूप हसले आणि पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले.

मित्रांनो, कुष्ठरोग औषधाने बरा होतो. पण रोग बरा झाला तरी पायांना गेलेली जाणीव परत येत नाही. खडा रुतला, निखाऱ्यावर पाय पडला, तरी त्या माणसाला कळत नाही. जखम होते, चिघळते आणि शेवटी पाय कापावा लागतो. म्हणून अशा पायांना मऊ रबराची चप्पल लागते आणि तिच्यात एकही खिळा चालत नाही. ती शिवावीच लागते. ते काम माझं होतं. साहेब माणसाला पाटावर उभं करत, स्वतः खाली बसत आणि कागदावर पेन्सिलीने त्याच्या पावलाची रेघ काढत. गोरा साहेब आपल्या पायाला हात लावतो, हे बघून कितीतरी जण पाय मागे घेत.

नवसाबाईनेही पाय असाच मागे घेतला होता. ती सायखेड्याची. गोदावरीच्या काठाला तिच्या घरचा झेंडूचा आणि भाजीचा मळा होता. नवरा खंडेराव तिला भाजीच्या टेम्पोतून घेऊन आला, पण स्वतः फाटकाबाहेरच थांबला. तो वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. बायकोचा रोग गावाला कळल्यापासून त्याने तिला मळ्यातल्या खोपीत ठेवलं होतं. तिने तोडलेली फुलं तोच बाजारात नेई आणि ती कोणी तोडली हे सांगत नसे. एकेकाळी नाशिकच्या फुलबाजारात नवसाबाईचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता म्हणे. आता सहा वर्षं तिने बाजार पाहिला नव्हता.

साहेबांनी माप घेतल्यावर तिने बाईंना हळूच विचारलं, "या चपला घेतल्या तर तुमच्या देवाचं व्हावं लागंल का?"

बाई म्हणाल्या, "नाही. पण रोज पाय बघावा लागेल."

आम्ही तिच्यासाठी काळ्या जाड चपला केल्या. पट्टे रुंद आणि बक्कल मोठं. माझे टाके सरळ आले होते आणि साहेब खूश होते. पण चार महिन्यांनी नवसाबाई परत आली तेव्हा तिच्या उजव्या तळव्याला खोल जखम होती. पायात साध्या, झिजलेल्या रबरी स्लिपर होत्या. डॉक्टरांनी सहा आठवडे प्लास्टर घातलं आणि स्पष्ट सांगितलं की पुन्हा जखम झाली तर पाय घोट्यापासून काढावा लागेल.

साहेबांनी तिच्या पिशवीत पाहिलं. आमच्या चपला तिथे फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या, अगदी कोऱ्या. साहेबांचा चेहरा पडला. माझंही मन खट्टू झालं, ते मी लपवत नाही. आपण इतकं राबायचं आणि हिने घालायच्याही नाहीत? बाईंनी कारण विचारलं. नवसाबाई चपला पुन्हा फडक्यात गुंडाळत बोलली.

"बाई, या चपला लांबून वळखू येत्यात. दवाखान्याच्या हायेत म्हनून. येशीपाशी बाया पोरांना मागं वढत्यात. पाय गेला तर गेला. पर आसं चालवत नाय."

त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. ते पडवीत बसून राहिले आणि त्यांनी माझ्या चाकाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी बाई रविवार कारंजावरच्या बाजारात गेल्या आणि बायकांच्या चपलांचा एक जोड घेऊन आल्या. तांबूस चामडं, वर बारीक वेणी आणि पुढे लाल गोंडा. सणासुदीला बायका हौसेने घालतात तसा. त्यांनी तो माझ्याशेजारी ठेवला आणि आपल्या भाषेत साहेबांना म्हणाल्या, "हाल्वोर, हे कर."

साहेबांनी तो जोड उलटसुलट करून पाहिला. असं काम त्यांना येत नव्हतं. आयुष्यभर बूट केलेला कारागीर एकसष्टाव्या वर्षाला टेकला होता आणि त्याला नव्याने शिकावं लागणार होतं.

भद्रकालीच्या देवळाजवळ झाडाखाली धोंडीराम नावाचे एक म्हातारे कारागीर चपला शिवत बसत. साहेब त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले आणि मोडक्या मराठीत म्हणाले की मला तुमचं काम शिकवा. धोंडीरामांना वाटलं, साहेब चेष्टा करतोय. त्यांनी मान वर केली नाही. तेव्हा साहेबांनी आपले दोन्ही हात उघडून पुढे धरले. दोरा ओढून ओढून करंगळीखाली घट्टे पडले होते. धोंडीरामांनी ते पाहिले, मग स्वतःचे हात पाहिले. त्यांचे घट्टेही तिथेच होते. त्यांनी शेजारचं पोतं झटकलं आणि साहेबांना बसायला जागा केली.

मग रोज सकाळी दोन तास साहेब त्या पोत्यावर बसू लागले. लोक जमून बघत. ही गोष्ट दवाखाना चालवणाऱ्या मिशनच्या एका वरिष्ठांच्या कानावर गेली. ते घरी आले आणि म्हणाले की तुम्हाला इथे शिकवायला बोलावलं आहे, रस्त्यावर बसून शिकायला नाही.

साहेब शांतपणे म्हणाले, "माझ्याकडे शिकवण्यासारखं होतं, ते कोणी पायात घालेना."

खरी अडचण पुढेच होती. मऊ रबर जाड असतं आणि जाडी दिसली की चप्पल ओळखू येते. शिवाय जाणीव नसलेल्या पायातून चप्पल निसटते, म्हणून टाचेमागे पट्टा हवाच. यावर तोडगा धोंडीरामांनी काढला. ते आमच्या पडवीत आले, रबर दाबून पाहिलं आणि म्हणाले की हे चामड्याच्या दोन थरांत लपवू, कडेने चामड्याचीच पट्टी फिरवू. मागचा पट्टा बारीक ठेवू, लुगड्याच्या काठाखाली झाकला जाईल. बोटांना घासू नये म्हणून चपलेच्या अंगठ्याला आतून मऊ अस्तर लावू.

आता शिवायचं होतं मला. वर चामडं, मध्ये रबर, खाली पुन्हा चामडं आणि तळाला टायरचा तुकडा. माझी पहिली सुई मोडली. दुसरीही मोडली. माझ्या सांध्यांतून कुरकुर ऐकू येऊ लागली. धोंडीराम म्हणाले, मशीन म्हातारी झाली, हाताने शिवू. साहेबांनी नकाराची मान हलवली. त्यांनी दोऱ्याला मेण चोळलं, सुईला साबण लावला आणि एक एक टाका घेत माझं चाक इतकं सावकाश फिरवलं की पूर्ण एक सकाळ एका चपलेला लागली. पण मी ती शिवली. शेवटचा टाका पडला तेव्हा टाका कुरकुरतो का ते ऐकायला धोंडीरामांनी चप्पल कानाशी नेऊन वाकवली, पुन्हा वाकवली आणि माझ्या डोक्यावर थाप मारली. अशी शाबासकी मला नॉर्वेतही मिळाली नव्हती.

नवसाबाईचं प्लास्टर निघालं होतं, जखम भरली होती. साहेबांनी खाली बसून तिच्या पायात लाल गोंड्याच्या नव्या चपला चढवल्या. ती पडवीतून फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मग परत गेली. फाटकाबाहेर उभ्या असलेल्या खंडेरावाने तिच्या पायांकडे पाहिलं आणि विचारलं, "दवाखान्याच्या कुठं हायेत?"

१९७७ चा दसरा आला. झेंडूचा सगळ्यात मोठा बाजार. नवसाबाईने नवऱ्याला सांगितलं की यंदा फुलं मी विकणार. खंडेराव आधी नाय म्हणाला, मग त्याने टोपल्या टेम्पोत चढवल्या. पुढचं सगळं सगुणाबाईंनी मला आणि साहेबांना पडवीत बसून सांगितलं, कारण त्या सकाळी त्या फुलबाजारात गेल्या होत्या. नवसाबाई फुलांच्या राशीमागे बसली होती. खंडेराव चार हात लांब, धोतराचा सोगा चाळवत उभा होता. आधी तिचा आवाज फुटेना. मग फुटला आणि दोन्ही बाजूंच्या विक्रेत्यांनी वळून पाहिलं. गिऱ्हाइकं थांबू लागली. लताबाई नावाच्या एका गृहिणीने दोन किलो झेंडू घेतला. पदर सावरत ती निघाली, चार पावलं गेली आणि परत फिरली. नवसाबाईने पाय आखडून घेतले. सगुणाबाई गर्दीतून पुढे सरकल्या.

लताबाईने तिच्या पायांकडे बोट दाखवलं. "अहो, ही चप्पल कुठून घेतलीत? मला सांगा ना. अगदी अशीच हवी आहे."

नवसाबाई म्हणाली, "घरची हाय, बाई. माझ्या मापाची केलेली हाय."

दुपारच्या आत सगळी रास संपली. त्याच संध्याकाळी तिने खोपीतलं आपलं अंथरूण उचललं आणि घरात नेऊन टाकलं. कोणी अडवलं नाही. खंडेरावाने दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधताना तिला तेवढं विचारलं, की दोरी सरळ आहे ना.

त्यानंतर माझं चाक थांबलंच नाही. लासलगाव, पेठ, त्र्यंबकेश्वर, कुठून कुठून माणसं आली. पुरुषांसाठी साध्या वहाणा, मुलींसाठी रंगीत पट्टे, मास्तरांसाठी बूट. ज्याला जे शोभेल ते. धोंडीराम झाडाखालची जागा सोडून आमच्या पडवीत आले आणि त्यांनी बऱ्या झालेल्या सात जणांना काम शिकवलं. नवसाबाई दर मंगळवारी येई आणि नव्या बायकांना रोज पाय कसा बघायचा ते शिकवी. तिचा पाय शाबूत राहिला. पुढे एकही जखम झाली नाही.

१९८६ च्या फेब्रुवारीत साहेब आणि बाई मायदेशी निघाले. बाईंचे गुडघे दुखत होते, साहेबांना बारीक टाका दिसत नव्हता. आजोबांची आठवण म्हणून मला बरोबर न्यावं असं त्यांच्या मुलांनी कळवलं होतं. साहेबांनी उत्तर पाठवलं की ती कामावर आहे, तिला सवड नाही.

निरोप द्यायला नाशिकरोड स्टेशनवर दीडशेच्या वर माणसं गेली होती. धोंडीराम परत आल्यावर डोळे पुसत सांगत होते की हारांनी साहेबांचं तोंड दिसत नव्हतं. मित्रांनो, माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट पुढेच होती. गर्दीत रोगी होते, त्यांचे सोयरे होते, शेजारी होते, विमलाबाईंची शाळा होती. सगळे एकमेकांना खेटून उभे होते. हमाल वाट काढत त्यांच्यातून जात होते. आणि यांतला कोण बरा झालेला रोगी आणि कोण नाही, हे पायांकडे बघून कोणालाही सांगता आलं नसतं.

मी अजून काम करते. माझा रंग उडाला आहे, चाकाची मूठ बदलली आहे. तुम्ही कधी शरणपूर रस्त्याने गेलात तर पडवीत डोकवा, मला दोन थेंब तेल द्या. पण माझ्यापेक्षा एका गोष्टीची जास्त काळजी घ्या. एखादं माणूस लांब उभं असेल, तर आधी त्याला जवळ बोलावून बसवा. मग त्याला काय हवं ते विचारा आणि ते सांगेल तसंच करा.