चौथा रविवार

ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, म्हणजे चालीसाच्या, चाळीस दिवसांत चर्चमध्ये वाद्य फक्त गाण्याला साथ देतं. गाणं थांबलं की तेही थांबतं. हा नियम विनोदिनी पारखेंनी सव्वीस वर्षं पाळला होता, जुन्या फादरांनी शिकवला तसा. रविवारच्या उपासनेत, म्हणजे मिस्सेत, गाणारी उज्जैनच्या त्या लहानशा चर्चची क्वायर त्यांच्याच हार्मोनियमवर उभी होती.

यंदा नवे फादर आले. किशोरवयातला दृढीकरणाचा संस्कार उरकला की पोरं चर्चला येईनाशी होतात, ही त्यांची काळजी. विनोदिनीबाईंची मुलगी इशिता त्यांना म्हणाली, "एक मिस्सा हमें दीजिए." तिने अकरा पोरं जमवली, गिटार, कीबोर्ड, ड्रम. त्यातल्या सात जणांनी वर्षभरात चर्चची पायरी चढली नव्हती.

फादर म्हणाले, "एक संडे देखते हैं. ठीक रहा तो हर महीने."

"आई, तू मागे बस," इशिताने बजावलं. "आणि तोंड असं नको करू, अमोल ड्रमवर घाबरतो."

"घाबरू दे. देवासमोर थोडं घाबरावंच."

रविवारी वेदीवर फुलं दिसली तेव्हाच बाईंच्या कपाळाला आठी पडली. उपवासकाळात फुलं! गाणी मात्र नीट झाली. अमोलचा हातही हलका होता. मग पवित्र भाकरीचं कम्युनियन झालं, गाणं संपलं आणि कीबोर्ड एकटाच वाजत राहिला, शब्दांवाचून. पोरं डोळे मिटून गुडघ्यांवर होती. बाईंना ते दिसलं. तरी त्या उठल्या, भिंतीपाशी गेल्या आणि त्यांनी कीबोर्डचं बटण बंद केलं.

सूर मधेच तुटला. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"चालीसा चल रहा है," बाई म्हणाल्या. "यहाँ ऑर्केस्ट्रा नहीं लगा है."

फादरांनी पुढची प्रार्थना सुरू केली. शेवटच्या सूचनांमध्ये, मर्यादा सांभाळल्याबद्दल त्यांनी विनोदिनीजींचे आभार मानले.

बाहेर इशिता वायरी गुंडाळत होती.

"आई, उपवासकाळातला चौथा रविवार आहे आज."

"मग?"

"या एकाच रविवारी नुसतं वाद्य चालतं. फुलंसुद्धा. म्हणून तर आजचा दिवस मागितला. फादरांना नियमाचं पान दाखवलं होतं मी."

"मग ते बोलले का नाहीत?"

"तू पुढच्या रविवारीही येणार. आमचा काय भरवसा?"

बाईंनी घरी ते पान दोनदा वाचलं. खरं होतं. जुन्या फादरांनी ही सवलत कधी सांगितलीच नव्हती.

पुढच्या रविवारी मागचे दोन बाक रिकामे होते. इशिताही घरीच राहिली होती. मिस्सेआधी बाईंनी फादरांना गाठलं. "गलती मेरी थी, फादर. आप सबको बता दीजिए."

"छोड़िए ना, विनोदिनीजी. बात ठंडी हो गई."

मिस्सा संपल्यावर त्या स्वतःच पुढे गेल्या. मागच्या रविवारी पोरांनी नियम मोडला नव्हता, आपणच चुकलो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं, त्या अकरांपैकी तिथे एकही नव्हता.

रेल्वेतून निवृत्त झालेले प्रकाश साळवे पहिल्या बाकावरून म्हणाले, "अहो ताई, नियम काही का असेना, कान तर वाचले ना!"

सगळं चर्च हसलं. फादरही हसले.